वसुलीचा प्रवास

आमच्या वटारात ‘पास’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो मासिक पास. तो घ्यावा की न घ्यावा याचा काथ्याकूट कोणी करीत बसत नाही. ज्याला रोज नालासोपाऱ्याला गाडी गाठून दादरला फुले न्यायची आहेत किंवा चर्चगेटकडे कचेरीत जायचे आहे, त्याला तो मिठासारखा लागतोच. परंतु रेल्वे आणखी एक पास देते, तो पर्यटकांचा. एक, तीन किंवा पाच दिवसांचा. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही उपनगरी मार्गांवर हवे तितके हिंडावे, हवे तेथे उतरावे.

यंदा भाऊबीजेला माझी धाकटी बहीण सोलापूरहून मुलाबाळांसह येणार आहे. मेहुण्यांनी फोनवर विचारले, “दादा, पाच दिवसांचा पास परवडेल ना?” मेहुणे हिशेबाला पक्के आहेत, आणि त्यांचा प्रश्न मुळीच हसण्यासारखा नाही. चार माणसांचा प्रवासखर्च सामान्य संसारात लहान नसतो.

आकडेमोड सोपी आहे. विरार ते चर्चगेट अंतर 60 किलोमीटर. पण दुसऱ्या वर्गाचे तिकीट अजून इतके स्वस्त की एका जाण्यायेण्याने एक दिवसाचा पास भरून निघत नाही. तो भरायचा तर दिवसभर चढउतार केली पाहिजे. पाच दिवसांचा पास दिवसाकाठी स्वस्त पडतो खरा, परंतु पाचही दिवस बाहेर पडले तरच. शिवाय पासावर बसायची जागा लिहिलेली नसते. संध्याकाळच्या विरार गाडीत दोन मुलांना घेऊन शिरणे हा निराळाच खर्च आहे.

खरी अडचण पैसे दिल्यानंतर सुरू होते. गेलेले पैसे कशानेही परत येत नाहीत, हे आपण सारे जाणतो. तरी ‘वसूल’ या शब्दाची आपल्यावर विलक्षण सत्ता आहे. ताटात वाढून घेतले म्हणून भूक नसता जेवणारा माणूस आणि पास आहे म्हणून पाय दुखत असता सातवे ठिकाण गाठणारा माणूस एकाच कुळीचे. पाहिलेली स्थळे मग जमेच्या बाजूला जातात, आणि ज्या दिवशी घरी बसून गप्पा मारल्या तो दिवस तोट्यात. गप्पांचा दिवस तोट्यात घालणारा हिशेब मला बरोबर वाटत नाही. मासिक पासवाला जावे लागते म्हणून जातो. पर्यटक बिचारा पैसे भरले म्हणून! वास्तविक पासाचा गुण उलटा आहे. गाडीतून एखादे स्टेशन आवडले तर उगाच उतरावे, चहा घ्यावा, पुढच्या गाडीने निघावे, नुकसान काही नाही. पण पास उधळण्यासाठी घेणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही.

भटकंतीचा हा प्रश्न आमच्या भागात फार जुना आहे. येथून काही किलोमीटरांवर, सोपाऱ्यास, 1882 साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्यावर थोडीच अक्षरे उरली आहेत. पण गिरनारला तो लेख जवळजवळ पुरा वाचता येतो. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, शिकार आणि मौज करीत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असे त्यात राजा सांगतो. त्या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांचे दर्शन घेऊन त्यांना सोने द्यायचे, खेड्यांतल्या लोकांशी बोलायचे. यादीत माणसेच माणसे आहेत. सोने आपल्याला झेपणारे नाही. दर्शनाला मात्र पैसे पडत नाहीत.

तो तुकडा आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, म्हणजे आमच्या शेजारचा दगड पाहायलाही गाडीच धरावी लागते. मेहुण्यांना मी कळवले आहे: एक दिवसाचा पास घ्या, मुलांना तो दगड दाखवा, मरीन ड्राइव्हला बसा, जमले तर हार्बरच्या गाडीतही हिंडवा. उरलेल्या दिवसांचे काही आधी विकत घेऊ नका.

त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. आईने आगाशीहून सुकेळी आणवून डब्यात ठेवली आहेत. मुले दुपारची घरी कोणत्या दिवशी असतील, एवढे तिने मला दोनदा विचारले.