चार ॲशबी

इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टरशायर नावाची काउंटी आहे. तिथे ॲशबी नावाची चार गावे भेटतात: ॲशबी मॅग्ना, ॲशबी पार्व्हा, ॲशबी फॉलव्हिल आणि ॲशबी-डी-ला-झूश. ॲश हे झाडाचे नाव. 'बी' म्हणजे डेन लोकांच्या बोलीत वस्ती, वाडी. मागची शेपटे लॅटिन आणि फ्रेंच. या भूमीवर कोण कोण आले ते अशा पाट्यांवरून कळतेच. पण त्यांतल्या कोणी नांगर धरला आणि कोणी नुसते दप्तर सांभाळले, हेही त्यांत दिसते.

सर्वांत जुना थर नद्यांचा आणि टेकड्यांचा. इंग्रजी इथे येण्यापूर्वी वेल्शची पूर्वज असलेली भाषा बोलली जाई. वेल्शमध्ये 'आव्हॉन' म्हणजे नदी, आणि इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या नद्या अनेक आहेत. लेस्टरशायरमधल्याच ब्रीडन-ऑन-द-हिल या गावाने तर कडी केली: 'ब्री' जुन्या लोकांची टेकडी, 'डन' इंग्रजी आणणाऱ्या अँग्लो-सॅक्सनांची टेकडी, आणि दोन्हींचा अर्थ विसरल्यावर वर आणखी एक इंग्रजी टेकडी.

रोमन साडेतीनशेहून अधिक वर्षे राहिले. छावणीला लॅटिनमध्ये 'कास्त्रा'. त्यातून मँचेस्टर, लँकेस्टर, ग्लॉस्टर आणि खुद्द लेस्टर. मात्र हे बारसे रोमनांनी केलेले नाही. त्यांच्या पडक्या भिंती पाहून मागून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी हा शब्द चिकटवला. त्यांची स्वतःची गावे '-टन', '-हॅम', '-ली' अशी: आवार, घर, रानातली मोकळी जागा. बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्मा नावाच्या कुणाच्या लोकांची वस्ती.

865 मध्ये डेन लोकांची मोठी फौज उतरली आणि पुढच्याच वर्षी तिने यॉर्क घेतले. 878 मध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने एडिंग्टनला तिचा पराभव केला. पुढे झालेल्या तहात दोघांमधल्या सरहद्दीचा काही भाग वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्याने ठरला. तो रस्ता ए-5 म्हणून आजही वाहता आहे आणि लेस्टरशायर-वॉरिकशायरची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत त्याच्यावरूनच जाते. नकाशात त्याच्या ईशान्येला '-बी' आणि '-थॉर्प' यांची दाटी. नैर्ऋत्येला ती शोधावी लागतात. लिंकनशायर आणि यॉर्कशायर या प्रत्येकात '-बी'ची गावे दोनशेच्या घरात आहेत.

डेन लोक नेमके किती आले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. फौजेतले थोडे सरदार जमिनीचे मालक झाले आणि गावांना त्यांची नावे पडली, असे काही जण मानतात. तेवढ्याने भागत नाही. कारण उत्तरेत ओढ्यालाही 'बेक' हा त्यांचाच शब्द आहे, आणि ओढ्याला नाव द्यायला जमीनदार जात नाही; ते गुरे पाण्यावर नेणारा देतो. इंग्रजीतले 'दे' हे सर्वनाम, 'एग', 'विंडो' हे रोजचे शब्दही तिकडचेच. यॉर्कमध्ये अजून रस्त्याला 'गेट' म्हणतात आणि वेशीच्या दरवाजाला 'बार', त्यामुळे नवखा माणूस हमखास चुकतो. तिथल्या कॉपरगेटचा तांब्याशी काही संबंध नाही. ती लाकडी पेले कातणाऱ्यांची आळी. 1976 ते 1981 या काळात तिथे उत्खनन झाले तेव्हा कातकामाचे लाकडी तुकडे खरोखरच निघाले. मराठी घरातही यातला एक शब्द पोचला आहे: हाउसिंग सोसायटीच्या 'बाय-लॉज'मधला 'बाय' बहुधा हाच 'बी', म्हणजे गावचा कायदा.

1066 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले. वीस वर्षांत जवळजवळ सगळी मोठी जमीनदारी त्यांच्या हातात गेली; 1086 च्या डूम्सडे दप्तरात तिची नोंद आहे. पण गावांची नावे फारशी बदलली नाहीत, कारण शेतात फ्रेंच बोलणारे कोणी नव्हते. घराण्याचे नाव जुन्या नावाला मागून जोडले गेले, एवढेच. फॉलव्हिल आणि झूश ही अशी घराणी. मॅग्ना आणि पार्व्हा हे तर निव्वळ कारकुनी लॅटिन: थोरले आणि धाकटे. महाराष्ट्रात बुद्रुक आणि खुर्द यांची गोष्ट हीच. अर्थही तोच, फक्त दप्तराची भाषा फारसी.

झूश घराण्याची सद्दी संपल्यावर, 1464 मध्ये, राजा चौथा एडवर्ड याने ॲशबी-डी-ला-झूश हे गाव विल्यम हेस्टिंग्ज या उमरावाला दिले. त्याने तिथे उंच बुरूज बांधला. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात, 1648 मध्ये, तो सुरुंगाने उडवला गेला; अर्धा अजून उभा आहे. ज्याच्या कारकिर्दीत 1818 साली पेशवाई बुडाली तो गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच घराण्याच्या लेकीचा मुलगा. झूश मंडळींपेक्षा हेस्टिंग्ज कितीतरी अधिक काळ इथले धनी होते, पण गावाने त्यांचे नाव घेतले नाही. पत्त्यात झूश राहिले. बोलताना लोक नुसते ॲशबी म्हणतात.