एका ग्रॅमचं पाणी

चुंबकीय आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण बनवायला मोठं यंत्र लागत नाही. फेरिक आणि फेरस क्लोराइड दोनास एक या मोल-प्रमाणात पाण्यात विरघळवायचं आणि ढवळत ढवळत अमोनिया घालायचा. पिवळसर द्रावण बघता बघता काळंकुट्ट होतं. हा मॅग्नेटाइट. बीकरखाली चुंबक धरला की भुकटी तळाशी ओढली जाते. मला अजूनही दर वेळी मजा वाटते.

मग सुरू होतं धुणं. पाणी ओता, हलवा, चुंबक लावा, वरचं पाणी टाका. पीएच सातच्या आसपास येईपर्यंत पुन्हा तेच. क्षार राहिले तर मोजमापं बिघडतात. पाणीही डिस्टिल्डच हवं, आणि ते एक लिटर मिळवताना कंडेन्सर थंड ठेवायला त्याच्या कितीतरी पट पाणी नळीतून वाहून जातं.

हे मी जालन्यात करतो. 2012-13 च्या दुष्काळात घागरी घेऊन टँकरची वाट बघणारी माझी पिढी. जायकवाडीची पाइपलाइनही शहरात आली.

आणि आमच्या पेपरांची प्रस्तावना काय म्हणते? हे कण पाणी शुद्ध करायला उपयोगी पडतील. हे खोटं नाही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की सुमारे 12 नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट कण पाण्यातलं आर्सेनिक धरतात आणि साध्या चुंबकाने बाजूला काढता येतात. पण माझी भुकटी पाण्यात कधीच जाणार नाही. ती आलेखापुरती बनते आणि डबीत राहते. मग उद्याच्या पाण्याच्या नावावर आजचं पाणी खर्चायचा हक्क मला कुणी दिला?

कुतूहल हे कारण मला पुरेसं वाटतं. लोखंडाचं ऑक्साइड इतकं बारीक केल्यावर कसं वागतं, हे जाणून घ्यायला समाजसेवेची सबब लागू नये. सबब घेतली की खर्च विचारायचं कुणाला सुचत नाही.

सोल-जेल ज्वलन पद्धतीत धुणं जवळपास नसतंच. नायट्रेट आणि सायट्रिक आम्लाचा जेल आपोआप पेटतो, हलकी राख उरते. पण तिथे नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत जातात. म्हणजे फुकट काहीच नाही.

सध्या कंडेन्सरच्या नळीखाली बादली आहे. त्या पाण्यावर लॅबची फरशी आणि बाहेरची दोन झाडं निघतात. वहीत ग्रॅमच्या शेजारी लिटरचा रकाना आखलाय. तो प्रबंधात ठेवायचा का, यावर गाईडसरांशी बोलणं चालू आहे.