दहा माणसांचे जेवण

माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याच्या परिसरात काही साधी हॉटेले आहेत. मुंबईच्या वाचकांनी ती पाहिली असतील. दारापुढच्या फुटपाथवर माणसे उकिडवी बसलेली असतात, अगदी रांगेने. कोणी हात पुढे करीत नाही, कोणी दुवा देत मागे लागत नाही. जेवून बाहेर पडणारा किंवा रस्त्याने जाणारा एखादा गल्ल्यावर पैसे भरतो, "पाच आदमी" म्हणतो आणि चालू लागतो. गल्ल्यावरचा माणूस नोकराला खूण करतो, नोकर रांगेतली पहिली पाच माणसे मोजतो. बाकीचे तेवढ्या जागा पुढे सरकतात.

आम्ही एका उर्दू शाळेतले चार शिक्षक. पगार झाला की पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर अशाच एका हॉटेलात जेवायला जातो. निहारी, तंदुरी रोटी, शेवटी कडक चहा. (२०१५ च्या कायद्यापासून 'बडे' म्हणजे म्हशीचेच, भाव वाढले, गर्दी मात्र तेवढीच राहिली.) निघताना आम्हीही दोन-तीन माणसांचे पैसे भरतो. ही पद्धत आम्हांला नेहमीच चांगली वाटत आली. जाहीर सदक्यापेक्षा गुप्त सदका बरा, असे सूरह बकरामध्ये आहे, आणि इथे तर देणाऱ्याला खाणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही, खाणाऱ्याला देणाऱ्याचे नाव कळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली, रांगा उठल्या, तेव्हा आम्ही धान्याची पाकिटे वाटली होती. त्या वाटपाचे फोटो आमच्या मोबाइलमध्ये अजून आहेत. फोटोत पाकीट घेणाऱ्या बाईने पदर तोंडावर ओढला आहे आणि आम्ही हसतो आहोत. हॉटेलच्या रांगेत निदान फोटो कोणी काढीत नाही.

गेल्या वर्षी यात एक वेगळाच प्रसंग आला. आमच्यातल्या गणिताच्या सरांनी घराच्या वाटणीवरून भावाशी भांडताना अल्लाहची कसम खाल्ली होती, की याच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आई आजारी पडली, तीही भावाच्याच घरी, आणि कसम मोडावी लागली. मोडली हे चांगलेच झाले. पण कफ्फारा आला. दहा मिस्कीनांना जेवण किंवा कपडे, आणि ऐपतच नसेल तर तीन रोजे. सर म्हणाले, आज पैसे माझे, दहा माणसे.

इथे वाद सुरू झाला. आमच्यातले उर्दूचे सर कोकणी, शाफई. त्यांच्या मते प्रत्येकी ठरलेल्या मापाचे धान्य द्यायचे. आम्ही बाकीचे हनफी. आमच्याकडे दोन वेळचे पोटभर जेवण. दुसऱ्या वेळेसाठी तीच दहा माणसे मुंबईत कुठे शोधायची, हा प्रश्न मौलवीसाहेबांकडे सोपवून आम्ही मोकळे झालो. खरा वाद मात्र ताटात काय असावे, याचा होता. गल्ल्यावरच्या माणसाने विचारले होते, "दाल-रोटी के गोश्त-रोटी?" दोन्हींच्या किमतीत दुपटीहून जास्त फरक.

सूरह माइदामध्ये याचे उत्तर दिलेले आहे: आपल्या घरच्यांना जे खाऊ घालता, त्यातले मध्यम प्रतीचे. गणिताचे सर म्हणाले, आमच्या घरी आठवड्यातून पाच दिवस डाळच असते, तेव्हा डाळ हीच मध्यम. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "आत्ता तुमच्या बोटांना निहारीचा वास येतोय, सर." सरांना राग आला. पण प्रश्न बरोबर होता. बाहेर खाणारा माणूस स्वतःसाठी घरचा हिशेब बाजूला ठेवतो. मग दुसऱ्याला खाऊ घालताना तोच हिशेब त्याला का आठवावा? हुकूम धान्याचा नुसता तोल सांगून थांबत नाही. तो घरच्या ताटाशी बरोबरी करायला सांगतो. रांगेतला माणूस तेवढ्यापुरता आपल्या घरातला धरायचा. हे मान्य केले की डाळ की गोश्त याचा निकाल लागतो, आणि खिशालाही तो लागतो. सरांनी गोश्त-रोटीचे पैसे भरले.

नोकर मोजू लागला. एक, दोन, तीन. आम्ही दारातच उभे होतो, एरवी थांबत नाही. दहावर त्याचा हात थांबला आणि अकराव्या माणसाने वर पाहिले. तो आमच्या सातवीतल्या एका मुलाचा बाप होता.

त्याने आम्हांला ओळखले. आम्हीही ओळखले. मग आम्ही चौघांनी एकदमच रस्त्यापलीकडे पाहिले, जणू तिकडून कोणी हाक मारली होती. तसेच स्टेशनपर्यंत चालत आलो. वाटेत कोणी बोलले नाही. लोकलमध्ये बसल्यावर गणिताचे सर म्हणाले, "अकराव्याचे भरायला हवे होते." उर्दूचे सर म्हणाले, "मग त्याला कळले असते की त्याच्यासाठीच भरले. पंधरा म्हणायला हवे होते." पंधराचे पैसे कोणाकडे होते, हे कोणी विचारले नाही. चौघांचे मिळून नक्की निघाले असते.

त्या दिवसापासून आमच्यात जी चर्चा चालली आहे ती संपलेली नाही. उर्दूच्या सरांचे म्हणणे, नजर फिरवली हे योग्यच केले, कारण दुसऱ्याच्या ऐबावर पडदा टाकणे ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. मॅडम विचारतात, भूक हा ऐब आहे का? चोरी झाकावी, चुगली झाकावी, एखाद्याचे पाय घसरले असतील ते झाकावे. भुकेत त्या माणसाने काय गुन्हा केला, की आपण ती झाकून त्याच्यावर उपकार करावेत? आणि नजर फिरवताना झाकले गेले ते त्याचे तोंड, की आमचे?

आम्हांला यात एक गोष्ट जास्त बोचते. याच बापाचा मुलगा शाळेत रोज खिचडीच्या रांगेत उभा राहतो. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना तो हक्क मिळाला. ती खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची असा नियम आहे, म्हणजे रोज एक घास आम्हीही त्यांच्याच भांड्यातला खातो. तो मुलगा ताट पुढे करतो, कमी वाढले तर "और दो" म्हणतो. आम्ही त्याच्यापुढे नजर कधी चुकवलेली नाही, त्यानेही नाही. बापलेक दोघे रांगेतच असतात. मुलाला माहीत असते की आपली पाळी येणार. बापाला माहीत नसते. दहावर थांबलेला हात पुढे सरकेल की नाही, हे कोणाची कसम मोडते आणि कोणाची मन्नत पुरी होते यावर ठरते. त्याला शरम भुकेची नसावी. कोणाच्या मर्जीची वाट पाहत बसावे लागते, तिची असावी.

याचा अर्थ ती रांग बंद व्हावी असा आम्ही घेत नाही. ज्याला चूल नाही, त्याला रेशनच्या धान्याचा काय उपयोग? ती हॉटेले आहेत म्हणून किती तरी माणसे जेवून झोपतात. या बापाला तर घर आहे, रेशनकार्डही असेल. मग तो तिथे का होता? नाक्यावर त्या दिवशी काम मिळाले नसेल, आणि घरातल्या भाकरीतला आपला वाटा मुलांसाठी ठेवून तो माहीमपर्यंत चालत आला असेल. हा आमचा अंदाज. त्याला विचारण्याइतके धैर्य आमच्यात नव्हते, आणि वर्गात त्याच्या मुलाला तर काहीच विचारता येत नव्हते. त्या आठवड्यात आम्ही त्या मुलाशी जरा जास्तच प्रेमाने वागलो. त्यालाही ते विचित्र वाटले असणार.

सहामाही परीक्षेनंतर पालकसभा होती. तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. गणितात मुलगा कच्चा का, हे त्याने विचारले, प्रगतिपुस्तकावर सही केली आणि उठला. दारापर्यंत जाऊन परत वळला. आमच्याकडे न पाहता, गणिताच्या सरांच्या टेबलाकडे पाहत म्हणाला, "सर, उस दिन बाद में कोई आया था. पंद्रह आदमी का दे के गया."

आम्ही "अच्छा" म्हणालो. दुसरे काही सुचले नाही. मॅडमनी त्याला पुन्हा बसायला सांगितले, शिपायाला चहा आणायला पाठवले, आणि काम कुठे करता, रोज मिळते का, असे सरळ विचारले. त्यानेही सरळ सांगितले. चहा येईपर्यंत आम्ही चौघे त्याच्याकडे पाहत ऐकत होतो.