पाईक म्हणजे कोण?

माउली, ऐकणाऱ्याची भक्ती वाढत असेल, तर शब्दाचा अर्थ थोडा चुकला म्हणून काय बिघडले? हा प्रश्न मी फार वर्षे टाळला. शेवटी चिखलदऱ्याच्या एका सप्ताहात तो समोर उभा राहिला.

तुकोबारायांचे पाइकीचे अभंग निरूपणाला होते. 'पाईक म्हणजे पायी चालणारा, म्हणजेच आपण वारकरी' असे मी तीस वर्षे सांगत आलो होतो. लोक डोलत. त्या रात्री धुके मंडपात शिरले होते. कीर्तन संपल्यावर घोंगडी पांघरलेले एक म्हातारबाबा पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, पायी चालनाराच पाईक असन, तं त्याच्यावर गोया काहून सुटते?"

मला उत्तर आले नाही.

घरी येऊन दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) उघडला. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. शब्दाचे नाते पायाशी आहेच, पण पायी चालणारा प्रत्येक जण पाईक नव्हे. मग गाथ्यातल्या जागा एकापुढे एक मांडल्या. स्वामी आहे, शूरपण आहे, बाण-गोळ्यांचा मारा आहे. कोशकारही असेच करतात. एका ओळीत बसलेला अर्थ फसवू शकतो. तो साऱ्या जागी टिकला पाहिजे.

नाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. नाथांनी पाठासाठी एवढे कष्ट घेतले, आणि मी अर्थ मात्र पदरचा घालत होतो!

कीचकाच्या दरीवरून चिखलदरा हे नाव पडले, असे इकडे सांगतात. ती कथा जरूर सांगावी, पण 'लोक असे सांगतात' म्हणून सांगावी. संतांच्या शब्दाला आपला अर्थ चिकटवून तो संतांच्या नावावर खपवणे वेगळे.

खरे सांगू? मला चालणे जमत होते, म्हणून चालण्याचा अर्थ आवडला. तुकोबाराय मागत होते ते जिवावर उदार होणे. चुकीच्या अर्थाने मी स्वतःला त्यातून सोडवले, आणि तुम्हालाही. बिघडले ते हे.

पुढल्या वर्षी त्याच मंडपात चूक कबूल केली. त्या दिवशी कोणी डोलले नाही. बाबांनी तेवढे हात जोडले.

माउली, एखाद्या शब्दाचा अर्थ फार सोयीचा वाटला, की एकदा कोश उघडा. आणि कोणी साध्या माणसाने शंका काढली, तर त्याच्या पाया पडा.

रामकृष्णहरी.