अवयवी आणि सांगाडा

मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात नागसेन स्थविर यवनराज मिलिंदाला विचारतात, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय. आणि प्रत्येक प्रश्नास नकार देत गेलेला राजा अखेर एवढेच कबूल करतो, की या अवयवांच्या आश्रयाने ‘रथ’ हे व्यावहारिक नाव चालते. नळ्यांचा वाहन-सांगाडा संगणकावर रचला जाताना पाहिला, की हा निवाडा पुन्हा तपासून घ्यावा असे मला तीव्रतेने वाटते.

मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे 2007 साली सुरू झालेल्या ‘बाहा’ या वाहन-स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी असे सांगाडे रचतात. प्रथम त्रिमितीय स्केचमध्ये नुसत्या मध्यरेषा आखल्या जातात, ज्यांना लांबी व दिशा असते, पण जाडी नसते आणि वजनही नसते. मग त्या रेषांवर 25 मिलिमीटर व्यासाच्या व 3 मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचा छेद चढवला, की दर मीटरला सुमारे 1.6 किलो भार हिशेबात येतो, आणि जेथे नळीला नळी भिडते तेथे एकीचे टोक दुसरीच्या गोलाईवर बेतून कापले जाते.

आता चार नळ्यांचा चौकोन घ्या. त्याचे सांधे बिजागरीसारखे फिरते मानले, तर बाजूने किंचित रेटा देताच तो कलंडतो. त्यातच एक तिरकस नळी बसवली, की दोन त्रिकोण होतात, आणि एखादी नळी ताणली किंवा दाबली गेल्यावाचून कोन बदलणे अशक्य होते. हे दृढत्व कोणाचे? ती तिरकस नळी सुटी पडलेली असताना तिच्या ठायी ते नव्हते, आणि उरलेल्या चारांच्या ठायीही नव्हते. वैशेषिक दर्शनकारांच्या मते नळ्या हे समवायी कारण, त्यांचा संयोग हे असमवायी कारण, वेल्डर हे निमित्तकारण, आणि या सर्वांपासून जो अवयवी, म्हणजे अवयवांचा मिळून बनलेला पूर्ण पदार्थ, उत्पन्न होतो तो अवयवांहून भिन्न असे एक नवे द्रव्य होय. हे दृढत्व रचनेचे आहे, निराळ्या द्रव्याचे नव्हे, असा आक्षेप बौद्ध पंडित घेईल, आणि तो आक्षेप बळकट आहे. तथापि गाडी उलटली असता चालकाच्या मस्तकावरील भार जे पेलते ते केवळ नाव आहे, असे म्हणण्यास माझे मन मुळीच धजत नाही.

पडद्यावर मात्र संयोग घडतच नाही. तेथे दोन रेषांचे टोक एकच, एवढीच नोंद असते. खरा संयोग कारखान्यात, तापलेल्या धातूत होतो, आणि निवताना सांधा आकसून नळीला आपल्याकडे ओढतो. म्हणूनच जाणता वेल्डर आधी सर्वत्र टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके, मारून घेतो आणि मग समोरासमोरचे सांधे आलटूनपालटून भरतो.

तरीही एका बाबतीत पडदा अवयवीविषयी वैशेषिकांशी सहमत असलेल्या नैयायिकांच्या फारच जवळ जातो. वस्त्रातून एक तंतू काढला, तर जुने वस्त्र नष्ट होऊन खंडपट नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते, असे ते म्हणतात, आणि लोकांना हे ओढूनताणून केलेले वाटते. परंतु स्केचमधील एका रेषेत फेरफार करून रीबिल्डचा हुकूम दिला, की तीवर अवलंबून असलेले सारे छेद, सांधे आणि कट लिस्टमधील लांब्या नव्याने सिद्ध होतात. शर्यतीत तडकलेली नळी कापून तेथे दुसरी जोडणारा विद्यार्थी मात्र सांगाडा तोच आहे असे निःशंकपणे सांगतो, आणि ‘तोच हा’ ही प्रत्यभिज्ञा केवळ सादृश्यावर उभी आहे की खऱ्या ऐक्यावर, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.