गच्ची आपली, छत कोणाचे?



मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खतावर भाजीपाला पिकला. मग लोणावळ्यात का नको? अवश्य करावा. पण आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस! दहा सेंटीमीटर मातीचा थर भिजला, की चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वर भार होतो. आणि ओल झिरपते ती खालच्या बिऱ्हाडात.

अनुवाद ग्रंथात (22:8) नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेला तर दोष घरमालकाचा. म्हणजे गच्ची आपली असली, तरी तिच्यामुळे धोक्यात येणारा जीव देवाने आपल्यावर सोपवला आहे. वॉटरप्रूफिंगचा खर्च टाळून केलेल्या बागेला सृष्टीची सेवा म्हणावे का? मला ती हौसच वाटते.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर खालच्या घरी जाऊन छत पाहावे. माती त्यानंतर चढवावी.