जनुक समजलं, पुढे काय?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर केले: 'डीआरआर धान १००' म्हणजे 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. तेव्हापासून चर्चासत्रांत आणि कृषी प्रदर्शनांत एक ठरीव सूर ऐकू येतो. शेतकऱ्याला विज्ञान उमजत नाही म्हणून तो बिचकतो. त्याला सोप्या मराठीत जनुक समजावून सांगा, विश्वास आपोआप बसेल. ऐकायला हे मोठं नम्र वाटतं. प्रत्यक्षात अविश्वासाचा सगळा दोष त्यात ऐकणाऱ्याच्या पदरात टाकलेला असतो.

हा सूर तपासायला भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) यांच्याइतकी सोयीची जागा नाही. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानंद खोरं हा सगळा खाचरांचा मुलूख. इथला इंद्रायणी पुण्याचं गिऱ्हाईक 'गावरान' समजून घेऊन जातं. या गावरान तांदळाची वंशावळ मात्र पार फिलिपाइन्सपर्यंत पोचते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७ च्या सुमारास इंद्रायणी आणला. आयआर-८ हा १९६६ मध्ये फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने दिलेला वाण. त्याचा एक जनक इंडोनेशियाचा 'पेटा', दुसरा तैवानचा बुटका 'डी-जिओ-वू-जेन'. तेव्हा 'निसर्गात ढवळाढवळ नको' या आक्षेपाचा निकाल जेवणाच्या ताटातच लागतो. 'परदेशी कंपन्यांचा डाव' म्हणणाऱ्यांनी नवे दोन्ही जनुक-संपादित वाण सरकारी संशोधन संस्थांचे आहेत एवढं पाहावं.

समजावणाऱ्यांना मात्र असं एका ओळीत वाटेला लावता येत नाही, कारण त्यांचं म्हणणं बहुतांशी खरं आहे.

त्यांचा सर्वांत जोरदार दाखला सुवासाचा. बासमतीसह बहुतेक सुवासिक तांदळांत 'बीएडीएच-२' नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. ते नीट चालू असतं तेव्हा वासाला लागणारा कच्चा माल दुसरीकडे वळतो; ते बंद पडलं की त्याच मालापासून सुवास तयार होतो. म्हणजे ज्या वासाला लोक जादा पैसे मोजतात, तो जनुकातल्या बिघाडाचा प्रताप. 'कमला'तही तत्त्व हेच. सांबा मसुरीत वाढीचं एक संप्रेरक मोडून टाकणारं जनुक आहे. लांबलचक मजकुरातली दोन-चार अक्षरं खोडावीत तसं ते निकामी केलं, की लोंबीत दाणे जास्त भरतात. बाहेरचं जनुक यात घातलेलं नाही. निसर्गाने जे अपघाताने केलं ते प्रयोगशाळेने हेतुपुरस्सर केलं, असं हे स्पष्टीकरण आहे. ते बिनचूक आहे, दहावीच्या मुलालाही कळेल.

पण ते कळल्यावर शेतकरी काय विचारेल? 'कमला' मूळ वाणापेक्षा सुमारे वीस दिवस आधी तयार होतो, हे सरकारने गुण म्हणून जाहीर केलं आणि शिफारस केलेल्या राज्यांत महाराष्ट्रही घातला. पानशेतच्या वरच्या अंगाला भात पंधरा-वीस दिवस आधी पिकला, तर कापणी थेट परतीच्या पावसात येऊ शकते. उभं पीक आडवं झालं की दाणा शेतातच मोड धरतो. शिवाय जनावरांना पेंढा किती निघेल? इंद्रायणीचा मऊ, चिकट भात तोंडी बसलेलं गिऱ्हाईक सांबा मसुरीच्या वळणाचा मोकळा भात घेईल का? यांतला एकही प्रश्न अज्ञानातून येत नाही, आणि एकाचंही उत्तर जनुकाच्या आकृतीत नाही.

उलट बाजूचा अनुभव त्याच खाचरांत आहे. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं, तरंगलेलं पोचट बी काढून टाकायचं, तळाशी बसलेलं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. या शिफारशीमागची घनतेची उपपत्ती कळावी अशी कुणाचीच अट नसते. बादलीत काय तरंगलं ते दिसतं, खर्च ठाऊक असतो, आणि चुकलंच तर नुकसान मूठभर मिठाचं.

बीटी कापसाची कथा सर्वांना पाठ आहे. त्यातली एकच गोष्ट इथे पुरे. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅम बिगर-बीटी बियाणं येई. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. सूचना पाकिटावर होती, व्याख्यानांतही होती. तरी असंख्य शेतांत ते बी पडलंच नाही, कारण अळीला खाऊ घालायच्या त्या ओळींचं नुकसान कोण भरून देणार, हे कुणीच सांगितलं नव्हतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात काय केलं ते सर्वांनी पाहिलं. त्याला एवढं एकच कारण नव्हतं, हे मान्य. पण माहिती कमी पडली असं तरी म्हणता येणार नाही.

समजावणं आणि हिशेब देणं ही दोन वेगळी कामं आहेत. समजावणारा वरून बोलतो, आणि त्याचं काम ऐकणाऱ्याने मान डोलावली की संपतं. हिशेब देणाऱ्याला आकडे उघडे करावे लागतात, प्रश्नाला सामोरं जावं लागतं आणि चुकल्यास भरपाईची तयारी ठेवावी लागते. नव्या वाणांबाबत नेमकं हे दुसरं काम आक्रसत चाललं आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बाहेरचं जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतल्या अनेक अटींतून सूट दिली. वैज्ञानिकदृष्ट्या त्या निर्णयाचं समर्थन होऊ शकतं. कदाचित 'कमला' उत्तम वाणही ठरेल. पण तपासणी जितकी हलकी, तितका हिशेब जड हवा.

आणि तो देण्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९व्या कलमात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क आहे. नोंदणीकृत वाण विकताना त्याची कोणत्या परिस्थितीत काय कामगिरी अपेक्षित आहे हे पैदासकाराने सांगायचं आहे, आणि तसं न घडल्यास शेतकरी भरपाई मागू शकतो. वाण भोर-वेल्ह्यात आणायचाच असेल, तर खरिपाआधीच्या गावसभेत जनुक समजावणाऱ्या चित्रफितीपूर्वी हे कलम वाचून दाखवावं. पश्चिम पट्ट्यातला पाऊस धरून अपेक्षित उतारा आणि कापणीचा आठवडा कागदावर लिहून द्यावा, खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. त्यानंतर जनुकांवरचं व्याख्यान हवं तितकं लांबवायला हरकत नाही.